स्कॉटलंड खरंच वेगळं झालं तर घरातली फाईल कशी तपासायची

2014 ला अनंत चतुर्दशी 8 सप्टेंबरला होती आणि बरोबर 10 दिवसांनी, 18 ला, ब्रिटनपासून वेगळं व्हायचं की नाही यावर स्कॉटलंडमध्ये मतदान. ग्लासगोतल्या आमच्या घरात गणपतीचं मखर अजून कोपऱ्यात तसंच उभं होतं आणि मी जेवायच्या टेबलावर घरातली सगळी कागदपत्रं पसरून बसले होते, कारण माझा पासपोर्ट भारतीय असूनही मला मत होतं. इथे रीतसर राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत होतं, 16 वर्षांच्या पोरांनासुद्धा होतं, त्यामुळे मराठी मंडळाच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता सगळ्यांचा एकच विषय, येस की नो. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाचा खरा प्रश्न तो नव्हताच, खरा प्रश्न होता की आपल्या घराच्या कर्जाचं काय होणार, पेन्शनचं काय, व्हिसाचं काय.

निकाल नोच्या बाजूने लागला, साधारण 55 विरुद्ध 45. पण त्या रात्री लावलेली फाईल मी अजून सांभाळून आहे आणि वर्षातून एकदा ताजी करते. ती कशी लावायची तेच इथे सांगतेय, म्हणजे हा विषय पुन्हा पेटला की तुम्हाला पहिल्यापासून धावपळ करायला नको. वेगळं व्हावं की नाही यावर मी काही बोलणार नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच कळकळीने सांगायचंय की देश तुटतो तेव्हा नकाशावरची रेघ आपल्या घराला फारशी शिवत नाही, आपल्या कागदांवर छापलेले पत्ते शिवतात. कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस, म्हणजे कायदेशीर नोंदणीचा पत्ता, कुठे, बँकेचं कुठे, करार कुठल्या चलनात. ते पत्ते बहुतेकांनी आयुष्यात कधी वाचलेले नसतात.

आधी बातमी कुठल्या पायरीवर आहे ते बघा. 2014 चं मतदान खरं होतं कारण 2012 च्या ऑक्टोबरात एडिनबर्ग करार झाला, लंडनने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारने, तात्पुरता अधिकार दिला, आणि मग एडिनबर्गच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, संसदेने मतदान घेतलं. 23 नोव्हेंबर 2022 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय स्कॉटलंडच्या संसदेला असा कायदा करता येत नाही. म्हणजे ती परवानगी मिळाल्याची बातमी येत नाही तोवर व्हॉट्सॲपवर काहीही फिरलं तरी पैसे हलवायची गरज नाही. (टेक्सासवाले नातेवाईक मला हेच विचारतात. तिथे तर 1869 सालीच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की राज्याला एकतर्फी निघून जाता येत नाही, क्रांती तरी हवी नाहीतर बाकीच्या राज्यांची संमती.) आणि मतदानात येस जिंकलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी देश बदलत नाही. स्कॉटलंड सरकारच्या 2014 च्या योजनेत स्वातंत्र्याचा दिवस 24 मार्च 2016 ठरवला होता, म्हणजे मध्ये दीड वर्ष. ब्रेक्झिटचं बघा, मत दिलं जून 2016 ला आणि प्रत्यक्ष बाहेर पडले जानेवारी 2020 ला. वेळ असतो, फक्त तो वादावादीत घालवू नका.

आता टेबल मोकळं करा आणि कागदांचे ढीग लावा. पहिला ढीग ज्यांच्यावर आजही स्कॉटलंडचाच शिक्का आहे त्यांचा: मुलांच्या शाळेचे कागद, डॉक्टरची नोंदणी, काउन्सिल टॅक्सची (इथली घरपट्टी) बिलं, घराच्या मालकीची नोंद, इथे लग्न झालं असेल तर त्याचा दाखला, मृत्युपत्र. स्कॉटलंडचा कायदा, कोर्टं, शाळा, एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, हे आधीपासूनच इंग्लंडपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे हा ढीग जवळजवळ तसाच राहील. बाजूला ठेवा आणि निश्चिंत व्हा. दुसरा ढीग लंडनच्या नावाचा: पासपोर्ट, व्हिसा, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शनसाठी पगारातून कापली जाणारी वर्गणी), ड्रायव्हिंग लायसन्स (ते तर वेल्समधल्या स्वान्सीहून येतं). काही कागद दोन्हीकडचे असतात, जसं की पगाराची स्लिप. तुमच्या टॅक्स कोडच्या सुरुवातीला एस अक्षर आहे का बघा, असेल तर दर एडिनबर्गने ठरवलेला आणि वसुली लंडनची. तिसरा ढीग पैशाचा, आणि सगळ्यात जास्त वेळ या ढिगाला द्या.

चलन हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि प्रचारात तोच सगळ्यात कमी समजावून सांगितला जातो. स्कॉटलंडच्या बँका आजही स्वतःच्या नोटा छापतात, पण त्या शेवटी बँक ऑफ इंग्लंडच्या पौंडावर उभ्या आहेत. मी एकदा लंडनला एका छोट्या दुकानात दूध घेताना स्कॉटिश दहाची नोट दिली तर दुकानदाराने ती उलटसुलट करून, दिव्यासमोर धरून परत दिली, दुसरी द्या म्हणाला. एकाच देशात, एकाच पौंडात ही गत. 2014 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न एडिनबर्गला येऊन सांगून गेले की वेगळं झालात तर पौंडाची भागीदारी मिळणार नाही, विरोधी पक्षानेही तेच सांगितलं. स्कॉटलंडचं सरकार म्हणत राहिलं की मिळेल. सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा?

मी म्हणते आधी काय झालंय ते बघा. चेकोस्लोव्हाकिया 1 जानेवारी 1993 ला दोन देश झाला, अगदी शांतपणे, बोलणी करून. ठरलं होतं की निदान सहा महिने चलन एकच ठेवू. सहा आठवडेही टिकलं नाही. स्लोव्हाकियाचं चलन पडेल असं लोकांना वाटलं आणि त्यांनी पैसे झेक बँकांत हलवायला सुरुवात केली, त्यामुळे 8 फेब्रुवारी 1993 लाच चलन वेगळं करावं लागलं. नव्या नोटा पुरेशा तयार नव्हत्या म्हणून जुन्या 100, 500 आणि 1000 च्या नोटांवर छोटी तिकिटं चिकटवली, पोस्टाच्या तिकिटासारखी, आणि रोख बदलून घ्यायला माणशी 4000 क्राउनची मर्यादा. त्याच जुलैत स्लोव्हाकियाने आपलं चलन 10 टक्क्यांनी खाली आणलं. हे भांडून वेगळे झालेले देश नव्हते हे लक्षात घ्या, ही सगळ्यात समजूतदार फाळणी मानली जाते.

आपल्याकडचं उदाहरण तर नाशिकचं आहे. फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती म्हणून 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची बँक होती, आणि आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातून राजाचं चित्र असलेल्या त्याच नोटांवर इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान आणि उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान असं छापून नोटा निघाल्या. कागद तोच, यंत्रं तीच, फक्त एक ओळ जास्त, आणि त्या ओळीमुळे ती नोट पाकिस्तानची झाली. शिल्लक रकमेच्या वाटणीचं काय झालं, ते 55 कोटी, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

तर तुम्ही काय करायचं. घराच्या कर्जाचा करार काढा आणि दोन गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारा: कर्ज देणाऱ्या बँकेचं रजिस्टर्ड ऑफिस आणि करारात लिहिलेलं चलन. समजा तुमचा पगार महिना 3000 आणि हप्ता 1000 पौंड. उद्या पगार नव्या चलनात मिळायला लागला, पहिल्या दिवशी एकास एक, आणि बँक इंग्लंडची असल्यामुळे हप्ता पौंडातच राहिला. नवं चलन 10 टक्के पडलं की तोच हप्ता तुम्हाला 1111 ला पडणार, दर महिन्याला, आणि पगार मात्र तेवढाच. कमाई आणि कर्ज एका चलनात असणं ही एकच गोष्ट बघायची आहे. दोन्ही एकत्र बदलत असतील तर झोप उडवू नका. वेगवेगळी राहणार असतील तर मधल्या दीड वर्षात जमेल तेवढं कर्ज खाली आणा, निदान ठरलेल्या व्याजदराची फिक्स्ड मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुदत नेमकी त्या गोंधळाच्या महिन्यात संपली तर नवा दर मिळवताना त्रास होतो.

बचतीचं तसंच. बँक बुडली तर सरकारी योजनेतून ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळतात, 2014 ला ती मर्यादा 85 हजार पौंड होती. पण ती मर्यादा बँकेच्या लायसन्सला असते, दारावरच्या पाटीवरच्या नावाला नाही, कधी दोन वेगळ्या नावांच्या बँका एकाच लायसन्सवर चालतात, तेव्हा आपली कुठल्या लायसन्सवर आहे ते विचारून घ्या. आमच्या ओळखीतले दोघं त्या उन्हाळ्यात सीमेपलीकडे इंग्लंडमधल्या कार्लाईलला जाऊन खातं उघडून आले होते. मी नाही गेले आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही, कारण मतदानाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मोठमोठ्या बँकांनीच जाहीर करून टाकलं की येस आलं तर आम्ही रजिस्टर्ड ऑफिस इंग्लंडला नेऊ. म्हणजे पत्ता तर तेच बदलणार होते.

आता पेन्शन. इथे मी पुन्हा झेक-स्लोव्हाकांकडेच जाणार कारण याच्याइतकं शिकवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. वेगळे होताना त्यांनी ठरवलं की फाळणीच्या वेळी माणसाच्या कंपनीचं मुख्य ऑफिस ज्या देशात, त्याच्या तोपर्यंतच्या नोकरीची पेन्शन त्या देशाने द्यायची. कागदावर किती साधं वाटतं! पण विचार करा, माणूस आयुष्यभर प्रागला राहिला, प्रागलाच कामाला गेला, फक्त कंपनीचं हेडऑफिस स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हाला, तर त्याला पेन्शन स्लोव्हाकियाकडून आणि ती कमी. अशा लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारल्या, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय कोर्टापर्यंत गेलं, 2011 ला तिथला निकाल आला आणि 2012 ला झेक घटना कोर्टाने तो युरोपीय निकाल मानायलाच नकार दिला. एका पत्त्याच्या ओळीवरून 20 वर्षं. त्यातले बरेच जण तोवर किती म्हातारे झाले असतील याचा विचार केला की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून नॅशनल इन्शुरन्सचा रेकॉर्ड सरकारी साईटवरून दरवर्षी एप्रिलनंतर डाउनलोड करा, पीडीएफ ठेवा, छापून फाईलला लावा. नवीन पद्धतीत पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण 35 वर्षं भरलेली लागतात आणि काहीतरी मिळायला किमान 10. मधली कुठली वर्षं रिकामी दिसतायत ते आत्ताच बघा, दोन देशांची ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवायला लागली की तेव्हा कोणी शोधून देणार नाही. आणि प्रत्येक नोकरीसाठी एका कोऱ्या कागदावर लिहा: मी बसत होते कुठे, पगार देणारी कंपनी नोंदलेली कुठे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. पी60, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, फेकू नका. माझ्या शेजारी एक आजोबा होते, तरुणपणी क्लाइडच्या गोदीत वेल्डर, त्यांच्याकडे 1970 च्या दशकातल्या पगाराच्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात होत्या, रबरबँडने बांधलेल्या, वर्षाप्रमाणे. मी ते बघून आले आणि घरी येऊन पहिला डबा शोधला.

नागरिकत्वाबाबत घाई अजिबात करू नका, विशेषतः भारतीय पासपोर्ट असेल तर. 2014 च्या योजनेत असं होतं की स्कॉटलंडमध्ये राहणारे ब्रिटिश नागरिक आपोआप स्कॉटिश नागरिक होणार. भारतीयांना ते आपोआप नव्हतं. आता आपला 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतो की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व तुम्ही स्वतःहून घेतलंत की भारताचं गेलं. स्वतःहून हा शब्द महत्त्वाचा. नव्या देशाच्या उत्साहात ऑनलाईन फॉर्म भरून टाकला आणि मग गावाकडची शेतजमीन आठवली असं व्हायला नको, कारण परदेशी नागरिक झाल्यावर, ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांनी आधीच ब्रिटिश पासपोर्ट घेतलाय आणि ओसीआय आहे त्यांनी एवढं बघावं की नवा पासपोर्ट हातात आला तर ओसीआयच्या नोंदीत तो कसा चढवायचा. व्हिसावर असलेल्यांनी पर्मनंट रहिवासाची तारीख कधी येते ते बघा आणि ती फाळणीच्या दिवसाआधी बसत असेल तर एक दिवसही न दवडता अर्ज करा, कारण व्हिसा लंडनच्या गृहखात्याचा आणि परदेशी माणूस कामावर ठेवायला कंपनीला लागणारं स्पॉन्सर लायसन्सही त्यांचंच.

भारताशी असलेले करार हा भाग लोकांच्या डोक्यातच येत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एनआरओ खात्यावरचं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयाचं खातं) व्याज, यावर दोनदा कर लागू नये असा करार भारत आणि ब्रिटनमध्ये आहे. नव्या स्कॉटलंडशी तो आपोआप असेलच असं धरून चालू नका. त्या वर्षाचे टॅक्सचे दोन्हीकडचे कागद जपून ठेवा आणि सीएला वेळेत फोन करा.

सीमा. आज ग्लासगोहून कार्लाईलला जाताना ग्रेटनाजवळ फक्त एक पाटी दिसते, वेग कमी करायचीही गरज नाही. 2014 ला ब्रिटन युरोपीय संघात होतं म्हणून ही पाटी पाटीच राहील असं म्हणता येत होतं. आता ते चित्र बदललंय, स्कॉटलंड वेगळं होऊन युरोपात परत गेलं तर इंग्लंडची सीमा ही युरोपची सीमा होणार. माणसांना बहुधा त्रास होणार नाही, आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये पासपोर्टशिवाय जाण्यायेण्याची जुनी पद्धत आहे, तशी इथेही राहू शकते. त्रास होणार मालाला. स्कॉटलंडमधून बाहेर विकल्या जाणाऱ्या मालापैकी आणि सेवांपैकी साधारण 60 टक्के ब्रिटनच्याच बाकी भागात जातात, तेव्हा तुमची कंपनी माल कुठे विकते ते साहेबाला सरळ विचारा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरापुरतं बोलायचं तर आमच्या दुकानातले पोहे, तूरडाळ, कांदालसूण मसाला सगळं इंग्लंडच्या गोदामातून येतं, गाडी एक दिवस उशिरा आली तरी ज्वारीचं पीठ संपतं.

राष्ट्रीय कर्ज, फासलेनच्या नौदल तळावरच्या अणुपाणबुड्या, दूतावासांच्या इमारती, हे सगळं वाटाघाटीचं सामान आहे, त्यावर आपला काही ताबा नाही, तर फार रात्री जागवू नका. एवढंच माहीत असू द्या की 2014 च्या जानेवारीत लंडनच्या सरकारने कर्ज देणाऱ्यांना सांगून टाकलं होतं की सगळं कर्ज आम्ही फेडू, स्कॉटलंडचा वाटा आम्ही त्यांच्याकडून बघून घेऊ. 1947 ला भारतानेही नेमकं असंच केलं होतं.

प्रचाराची पुस्तकं घरी येतील, ती वाचताना मोठ्या आकड्याखालचा छोटा आकडा शोधा. स्कॉटलंड सरकारच्या 2013 च्या आराखड्यात तेलाचं उत्पन्न मोजताना पिंपाला 113 डॉलर भाव धरला होता. 2015 च्या जानेवारीत भाव 50 च्या खाली होता. विरोधकांची भीतीची पत्रकंही तशीच तपासा, कोणाचंही असो, हा आकडा कशावर उभा आहे हा एक प्रश्न विचारायचाच.

आणि एक काम मात्र मतदानाची वाट न बघता याच आठवड्यात करा, कारण ते फक्त आपल्या लोकांना लागू होतं. सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का बघा. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बँकेत ते गाळलेलं, नॅशनल इन्शुरन्सवर ते आडनावाला चिकटवलेलं, पेन्शन कंपनीकडे लग्नाआधीचं आडनाव. माझ्या चार कागदांवर चार नावं निघाली होती. आज सगळं एका देशात आहे म्हणून एका फोनवर दुरुस्त होतं, मला प्रत्येकी साधारण 20 मिनिटं लागली आणि एका ठिकाणी लग्नाचा दाखला स्कॅन करून पाठवावा लागला, बस. चारही दुरुस्तीची पत्रं आली की ती फाईलच्या अगदी पहिल्या प्लास्टिकमध्ये घाला, वर तारीख लिहा.